जतचा परदेशी वस्ताद

सातारा-सांगलीकडील मैदानात कुस्ती निकाली झाली की जाणते प्रेक्षक जिंकणाऱ्या पठ्ठ्याच्या नावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारतात : वस्ताद कोण? ज्याने पहाटे तालमीत उभे राहून पोराच्या अंगातील खोड आणि गुण दोन्ही पारखले, त्याचा वाटा विजयात धरला जातो. क्रिकेटमध्ये हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. धावफलकावर धावांचा हिशेब असतो, बळींचा असतो. शिकवणाऱ्याचा रकाना त्यावर नसतो. म्हणूनच विजय हजारे हे नाव महाराष्ट्रात घरोघर ठाऊक असले, तरी त्यांना घडवण्यात ज्याचा हात होता तो क्लॅरी ग्रिमेट हा ऑस्ट्रेलियन गोलंदाज एके काळी जतसारख्या लहानशा संस्थानात शिकवण्यासाठी आला होता, ही गोष्ट फार थोड्यांच्या स्मरणात उरली आहे.

हा योग कसा जुळून आला हे कळण्यासाठी प्रथम जतकडे पाहिले पाहिजे. सांगलीच्या पूर्वेस, विजापूरच्या वाटेवरचा हा प्रदेश अवर्षणाचा. पाऊस बेभरवशाचा, जमीन माळाची. खिल्लार जनावरांसाठी मात्र प्रसिद्ध. येथील डफळे घराणे आदिलशाहीच्या काळापासून नांदत आलेले. पुढे हे घराणे सातारच्या छत्रपतींच्या जहागीरदारांत गणले गेले. औंध, फलटण, भोर, अक्कलकोट आणि जत या सातारच्या जहागिरी होत. १८४८ मध्ये इंग्रजांनी सातारचे राज्य खालसा केले, तेव्हा या जहागिरी त्यांच्या देखरेखीखाली संस्थाने म्हणून राहिल्या. राज्यकारभाराचे खरे अधिकार बेताचेच असल्यामुळे अनेक संस्थानिकांचे मन एखाद्या छंदाकडे किंवा लोकोपयोगी कार्याकडे वळले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला आणि चित्रसंग्रह उभारला; कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला. जतच्या विजयसिंहराव डफळे यांनी क्रिकेट जवळ केले, आणि शिकवणारा आणायचा तर तो त्या विद्येतला अव्वल माणूस असावा, अशी दृष्टी ठेवली.

असा अव्वल माणूस त्या वेळी मोकळा सापडावा, यालाही एक कारण होते. ग्रिमेट यांचे आयुष्य पहिल्यापासूनच पायपिटीचे. २५ डिसेंबर १८९१ रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे त्यांचा जन्म झाला. व्यवसाय दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. ओढ मात्र हातातल्या चेंडूला फिरकी देण्याची. वेलिंग्टनकडून खेळून त्या देशात आपल्या विद्येला वाव नाही असे दिसताच १९१४ मध्ये ते सिडनीस गेले. तेथे क्लबातून खेळत राहिले, पण राज्याच्या संघाचे दार उघडले नाही. पुढे मेलबर्नला बिऱ्हाड हलवले; तेथेही व्हिक्टोरियाच्या संघात वर्षानुवर्षांत थोडेच सामने वाट्याला आले. १९२४ मध्ये त्यांनी तिसऱ्यांदा गाशा गुंडाळला आणि ॲडलेडला जाऊन दक्षिण ऑस्ट्रेलियाकडून खेळण्यास आरंभ केला. एकच विद्या घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कारागिरासारखी ही स्थिती होती.

अखेर १९२५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ३३ व्या वर्षी, सिडनी येथे इंग्लंडविरुद्ध त्यांना पहिला कसोटी सामना मिळाला. बहुतेक खेळाडूंचा उतार ज्या वयात सुरू होतो, त्या वयात या माणसाने पदार्पणातच ११ बळी घेतले. पुढील अकरा वर्षांत ३७ कसोट्यांत त्यांचे २१६ बळी झाले. कसोटी क्रिकेटमध्ये २०० बळींचा टप्पा गाठणारे ते पहिले गोलंदाज होत. त्यांच्या अंगी वेग नव्हता. बुटकी मूर्ती, डोक्यावर टोपी, हात खांद्याच्या खालून फिरवण्याची काहीशी बेढब धाटणी. परंतु चेंडू कोठे टाकावयाचा आणि तो पडल्यावर काय करील, यावरील त्यांचा ताबा विलक्षण होता. घराच्या अंगणात खेळपट्टी करून ते तासन् तास एकट्याने सराव करीत. टाकलेले चेंडू परत आणण्याचे काम त्यांनी आपल्या कुत्र्याला शिकवले होते. अंगठा व बोटे यांच्या चिमटीतून निसटवलेला आणि टप्पा पडताच खाली राहणारा 'फ्लिपर' हा चेंडू याच एकांतातील साधनेचे फळ होय.

१९३५-३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात ग्रिमेट यांनी पाच कसोट्यांत ४४ बळी घेतले. दरबान येथील शेवटच्या सामन्यात तर १३. आणि तोच त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. पुढील हंगामात इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात आला तेव्हा त्यांना निवडले नाही. १९३८ च्या इंग्लंड दौऱ्यासही त्यांच्याऐवजी फ्रँक वॉर्ड या तरुण फिरकी गोलंदाजास नेले. चव्वेचाळीस बळींनंतर जागा जाते, हा न्याय कोणालाही चमत्कारिक वाटेल. निवड करणाऱ्यांनी वयाकडे पाहिले असेल. पण विद्या वयाबरोबर सरत नाही, ती कोठे तरी उतरावी लागते. ती उतरण्याचे एक ठिकाण, पुष्कळ समुद्र ओलांडून, जतच्या माळावर निघाले.

येथे दुसऱ्या पात्राचा प्रवेश होतो. ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका ख्रिस्ती शिक्षकाच्या कुटुंबात विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म झाला. आठ भावंडांचा संसार, कमाई शाळामास्तराची. तेव्हा क्रिकेट हा या घराला परवडणारा शौक नव्हे. त्या काळी अशा मुलाला पुढे येण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे एखाद्या संस्थानिकाची कृपादृष्टी. हजारे महाराष्ट्राकडून खेळले, मध्य हिंदुस्थानच्या संघातून खेळले आणि पुढे बडोद्यास स्थिरावले. म्हणजे गुरूप्रमाणे शिष्याचीही वाट एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास जाणारी होती. या वाटेवर, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या उत्तरार्धात, जतच्या आश्रयाने त्यांची ग्रिमेट यांच्याशी गाठ पडली.

ग्रिमेट हे गोलंदाज. हजारेही तोवर मुख्यत्वे गोलंदाज म्हणूनच ओळखले जात. असे असता त्या भेटीचा परिणाम फलंदाजीवर व्हावा, यातच शिकवणाऱ्याची पारख दिसते. हजारे फलंदाजीस उभे राहत ती ढब पाहणारास खटके. बॅट दोन्ही पॅडांच्या मध्ये धरलेली, पवित्रा अवघडल्यासारखा; पुस्तकी नियमाने पाहता तो दोषच होता. नव्या शिक्षकाला अशा ठिकाणी हात घालून सर्व काही सरळ करण्याचा मोह अनावर होतो. ग्रिमेट यांनी तसे केले नाही. ती ढब मोडू नये, असाच त्यांचा सल्ला होता. ज्याची स्वतःची धाटणी कोणत्याही नमुन्यात बसत नव्हती आणि त्याच धाटणीने ज्याने जगातील नामांकित फलंदाज बाद केले होते, त्या माणसाला बाह्य रूप आणि आतील गुण यांतील फरक पक्का ठाऊक असणे साहजिक होते. काय शिकवावे हे पुष्कळांना कळते. काय बदलू नये हे कळणारा विरळा.

या संयमाचे फळ लवकरच दिसले. १९३९-४० च्या हंगामात पुणे येथे बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम दर्जाच्या सामन्यात तीनशेचा पल्ला गाठणारे ते पहिले भारतीय होत. १९४३-४४ मध्ये मुंबईच्या पंचरंगी सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या त्यांच्या होत्या. १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्याकडून खेळताना गुल महंमद यांच्या जोडीने त्यांनी ५७७ धावांची भागी केली.

परंतु जतच्या शिकवणीचा खरा कस लागला तो १९४८ च्या जानेवारीत, आणि तोही ग्रिमेट यांच्याच ॲडलेड शहरी. स्वतंत्र भारताचा पहिला संघ ऑस्ट्रेलियात गेला होता. यजमानांनी ६७४ धावांचा डोंगर रचला. ब्रॅडमन यांनी २०१ धावा केल्या आणि त्यांचा त्रिफळा उडवला तो हजारे यांनीच. मग बॅट हाती घेऊन लिंडवॉल व मिलर यांच्या माऱ्यापुढे त्यांनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. पहिल्या डावात त्यांच्याबरोबर शतक करणारे दत्तू फडकर हे कोल्हापूरचे. सामना भारताने डावाने गमावला. तथापि नव्या राष्ट्राच्या खेळाडूंना प्रबळ प्रतिस्पर्ध्यासमोर पाय रोवून उभे राहता येते, हे त्या दोन खेळींनी दाखवले. पुढे १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा संघाचे नायक हजारेच होते.

ॲडलेडचा तो सामना संपून दीड महिना होतो न होतो तोच, १९४८ च्या मार्चमध्ये, दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर जतही विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. संस्थाने गेली हे योग्यच झाले. दुष्काळी रयतेच्या कराच्या पैशावर राजेलोकांनी छंद पुरवावेत, ही व्यवस्था टिकण्याजोगी नव्हती. मात्र तिच्याबरोबर गरीब घरच्या खेळाडूला हात देणारा एक आधारही गेला, आणि त्याची जागा घेणारी लोकांची व्यवस्था उभी राहण्यास पुष्कळ काळ लागला, हेही इतिहासात नमूद करणे भाग आहे.

ग्रिमेट यांनी शिकवण्याचे व्रत म्हातारपणीही सोडले नाही. १९६० नंतरच्या दशकात ॲशली मॅलेट हा तरुण फिरकी गोलंदाज ॲडलेडच्या त्यांच्या अंगणात शिकण्यास येई; त्याने पुढे १३२ कसोटी बळी घेतले आणि गुरूचे चरित्रही लिहिले. २ मे १९८० रोजी ग्रिमेट निवर्तले. हजारे १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यास वारले. देशातील एकदिवसीय सामन्यांची मोठी स्पर्धा आता त्यांच्या नावाने खेळली जाते. त्या स्पर्धेत एखाद्या होतकरू मुलाची वेडीवाकडी ढब पाहून कोणी शिक्षक तिला हात लावण्यापूर्वी क्षणभर थांबत असेल, तर जतच्या त्या परदेशी वस्तादाची विद्या अजून चालू आहे, असे समजावयास हरकत नाही.