सरकत्या जबड्याच्या पान्याचा इतिहास : उपयुक्तता आणि मर्यादा

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात वाफेचे इंजिन, यंत्रमाग आणि आगगाडी यांना मानाचे स्थान मिळाले आहे. मात्र ही यंत्रे ज्या साध्या हत्यारांनी जोडली, उघडली आणि दुरुस्त केली गेली, त्यांची दखल इतिहासलेखनात क्वचितच घेतली गेली. डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात शोधांच्या इतिहासापेक्षा वापराच्या आणि देखभालीच्या इतिहासाकडे लक्ष वेधले. त्या दृष्टीने सरकत्या जबड्याचा पाना, म्हणजेच कारखान्यातील बोलीतला ‘स्क्रू पाना’, हे अभ्यासाचे महत्त्वाचे साधन ठरते. एका जबड्याच्या सरकण्याने अनेक मापांचे नट पकडणारे हे हत्यार यंत्रयुगातील एका मूलभूत अडचणीची साक्ष देते. ती अडचण म्हणजे मापांच्या एकरूपतेचा अभाव.

उद्दिष्टे

१. स्क्रू पान्याच्या उदयामागील ऐतिहासिक कारणे स्पष्ट करणे.
२. मापांचे प्रमाणीकरण आणि हे हत्यार यांतील परस्परसंबंध तपासणे.
३. या हत्याराच्या उपयुक्ततेचा व मर्यादांचा परामर्श घेणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्येक कारखाना आपल्या सोयीने आटे पाडत असे आणि आपल्याच मापाचे नट घडवीत असे. त्यामुळे एका कारखान्याचा पाना दुसऱ्या कारखान्याच्या यंत्राला बसेलच याची शाश्वती नव्हती. यंत्र जोपर्यंत ते घडवणाऱ्या कारखान्यातच दुरुस्त होत होते, तोपर्यंत ही विसंगती फारशी जाचक नव्हती. आगगाड्या आणि शेतीची यंत्रे दूरवर जाऊ लागली, तेव्हा मात्र ती प्रकर्षाने जाणवू लागली.

या दृष्टीने १८४१ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील लोरिंग कोझ यांना स्क्रूने जबडा सरकवण्याच्या सुधारित पान्याचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेपुढे आट्यांच्या एकरूप पद्धतीविषयी निबंध सादर केला. निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्टांचा अभ्यास करून त्यांनी आट्याचा कोन ५५ अंश ठरवला आणि बोल्टाच्या व्यासानुसार दर इंचास किती आटे असावेत हेही सुचवले. एकाच अडचणीला ही दोन भिन्न उत्तरे होती. व्हिटवर्थ यांनी जगातील बोल्ट एका नियमात बसवू पाहिले, तर कोझ यांनी नियमात न बसणाऱ्या जगाशी जुळवून घेणारे हत्यार दिले.

तथापि या हत्याराला एकच जनक नाही. कोझ यांच्यापूर्वी १८३५ मध्ये सॉलिमन मेरिक यांनी अमेरिकेत पान्याचे पेटंट घेतले होते. इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकाच्या आरंभीच्या अशाच पान्याचे श्रेय कधी गवत कापण्याच्या यंत्राचे निर्माते एडविन बडिंग यांना, तर कधी रिचर्ड क्लायबर्न यांना दिले जाते. आज सर्वत्र दिसणारा आकार मात्र स्वीडनमधील योहान पेटर योहानसन (१८५३-१९४३) यांच्या १८९२ च्या पेटंटातून रूढ झाला. त्यांनी १८८६ मध्ये एनशोपिंग येथे कारखाना काढला होता. वेगवेगळ्या मापांच्या नटांसाठी पान्यांचे ओझे वाहावे लागू नये, या गरजेतून हा शोध लागल्याचे सांगितले जाते. बी. ए. हिओर्ट यांच्या कंपनीने, पुढे ‘बाको’ या नावाने, तो जगभर पोहोचवला. कार्ल पीटरसन या स्वीडिश स्थलांतरिताने १९०७ मध्ये अमेरिकेतील जेम्सटाऊन येथे स्थापन केलेल्या ‘क्रेसेंट’ कंपनीचे नाव तर तेथे या हत्याराचेच नाव बनले.

नावे आणि दंतकथा

या हत्याराची नावेही बोलकी आहेत. फ्रेंच व स्पॅनिश भाषांत त्याला ‘इंग्रजी किल्ली’ या अर्थाचे नाव आहे. बल्गेरियन लोक त्याला ‘फ्रेंच किल्ली’ म्हणतात, तर डॅनिश भाषेत ती ‘स्वीडिश किल्ली’ होते. हत्यार देशोदेशी फिरले आणि बहुतेक ठिकाणी ते ‘परके’ म्हणूनच ओळखले गेले.

‘मंकी रेंच’ या नावाभोवतीही दंतकथा जमल्या. मंकी नावाच्या एका कारागिराने तो शोधला, ही कथा पुराव्याअभावी टिकत नाही. मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन यांना या शोधाचे श्रेय देणेही चुकीचे आहे. त्यांना १९२२ मध्ये पान्यातील एका सुधारणेचे पेटंट मिळाले हे खरे. परंतु हत्यार आणि त्याचे नाव दोन्ही त्याआधीच प्रचलित होते. अशा कथांतून एक गोष्ट दिसते. अनेकांच्या हातून क्रमाक्रमाने घडलेल्या वस्तूला एकच शोधक मिळवून देण्याचा मोह लोकस्मृतीला आवरत नाही.

उपयुक्तता

या पान्यात एक जबडा दांड्याशी अखंड असतो. दुसऱ्या जबड्याच्या तळाशी दाते असून त्यांत अडकलेली आटेदार चक्री अंगठ्याने फिरवली की तो पुढे-मागे सरकतो. त्यामुळे एकच पाना त्याच्या मर्यादेतील कोणत्याही मापाला लागू पडतो. जेथे पान्यांची पेटी सोबत नेता येत नाही, जेथे पुढे येणाऱ्या नटाचे माप आधी ठाऊक नसते, किंवा जेथे गंज व रंगाच्या थरांमुळे मूळ माप बदललेले असते, तेथे त्याला पर्याय कमी आहेत. १८९० च्या दशकात सायकलींचा प्रसार झाला, तेव्हा स्वारासोबतच्या हत्यारांत अशा छोट्या पान्याला म्हणूनच स्थान मिळाले.

मर्यादा

ज्या सरकण्यात या हत्याराचे सामर्थ्य आहे, त्यातच त्याचा दोषही आहे. सरकता जबडा थोडा तरी ढिला राहतोच. जोर लावताच तो किंचित मागे हटतो, पाना घसरतो आणि नटाचे कोपरे झिजतात. रिंग पाना षट्कोनी नटाला सहाही कोपऱ्यांवर धरतो. स्क्रू पाना केवळ दोन समोरासमोरच्या बाजू धरतो. त्याचे डोके जाड असल्याने अडचणीच्या जागी ते शिरत नाही. मुख्य जोर स्थिर जबड्यावर यावा अशा रीतीने, म्हणजे सरकत्या जबड्याच्या दिशेने पाना फिरवावा, असा नियम कारागिरांना शिकवला जातो तो यामुळेच.

दुसरी मर्यादा सहज ध्यानात येत नाही. ठराविक मापाच्या पान्यांत लहान नटाचा पाना आखूड आणि मोठ्याचा लांब असतो. त्यामुळे किती जोर लावावा याला लांबीच आळा घालते. स्क्रू पान्याचा दांडा मात्र नट लहान असो वा मोठा, तेवढाच राहतो. परिणामी लहान बोल्ट अतिजोराने तुटण्याचा धोका वाढतो.

प्रमाणीकरणानंतर

प्रमाणीकरण पूर्ण झाले असते, तर या हत्याराची गरज संपली असती. प्रत्यक्षात प्रमाणेच अनेक झाली. १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी फिलाडेल्फियात ६० अंश कोनाची पद्धत मांडली आणि तीत नटाच्या रुंदीचाही नियम घालून दिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीला रोल्स-रॉइसचे ‘मर्लिन’ विमानइंजिन बनवताना ब्रिटिश आटे पाडावे लागले. अखेर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी समान आट्यांचा करार केला. तरीही तो इंचावर आधारलेला होता.

भारतात मुंबईच्या गिरण्यांची आणि रेल्वेची यंत्रसामग्री प्रामुख्याने ब्रिटनमधून आली व तिच्यासोबत इंचाची मापे आली. १९५६ च्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. परंतु कायदा बदलला म्हणून जुनी यंत्रे बदलत नाहीत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या नटावर १३ मिलिमीटरचा पाना बसतो, पण सैल बसतो. अशा संक्रमणकाळात दोन्ही मापांना लागू पडणारे हत्यार दुरुस्ती करणाऱ्याला जवळचे वाटणे स्वाभाविक होते.

निष्कर्ष

उत्पादनाच्या साखळीत, जेथे प्रत्येक नटाचे माप आधीच निश्चित असते, तेथे ठराविक मापाचा पानाच श्रेष्ठ ठरतो. दुरुस्तीच्या जगात मात्र जुने-नवे, देशी-परदेशी सारे एकत्र येते आणि तेथे स्क्रू पाना टिकून राहतो. आज या पान्यासाठीही आयएसओ ६७८७ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. एकरूपतेच्या अभावातून जन्मलेले हत्यार स्वतःच प्रमाणबद्ध झाले, तरी त्याचे काम संपले नाही. १८४१ मध्ये पुढे आलेल्या दोन उत्तरांपैकी एकाचा विजय व दुसऱ्याचा पराभव झाला, असे म्हणता येत नाही. प्रमाणे कारखान्यात ठरतात. ती जेथे अपुरी पडतात तेथे दुरुस्ती करणाऱ्याचा हात काम करतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधकाबरोबर या हातालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.