रुमाल, चकती आणि मोर्तब

पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्यांनी एकदा तरी पाऊल टाकले आहे, त्यांना हे सांगावयास नको की, कागद जतन करणे आणि हवा तो कागद हाती लागणे या अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. रुमालांत बांधलेले कोट्यवधी मोडी कागद तेथे होते खरे. परंतु 1930 नंतर गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून वेचे काढून 45 भाग प्रसिद्ध करीपर्यंत बहुतेक अभ्यासकांच्या लेखी ते असून नसल्यासारखेच होते. संगणकाच्या दफ्तराचा इतिहासही याच अडचणीपासून सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मोठमोठ्या पेढ्यांचे हिशेब भोके पाडलेल्या कार्डांवर असत. दिवसभराचे व्यवहार साठवावयाचे, ते खातेवार लावावयाचे आणि मग सारी चळत यंत्रातून एकदम काढावयाची, असा शिरस्ता असल्यामुळे कीर्द नेहमीच थोडीफार शिळी असे. चुंबकीय फितीने जागा वाचविली. पण मधलीच एखादी नोंद पाहावयाची झाल्यास तिच्या अलीकडची सर्व फीत उलगडण्यावाचून गत्यंतर नव्हते. हा पेच सोडविला आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेने. तिचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे मूळचे शाळामास्तर; उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र करून या व्यवसायात शिरलेले. (मास्तरांच्या कंटाळ्याने जगाचे किती भले केले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही!) 1956 साली बाहेर आलेल्या त्यांच्या ‘रॅमॅक’ यंत्रात 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या एका उभ्या दांड्याभोवती मिनिटास 1200 फेरे घेत, आणि एक भुजा वरखाली सरकून हव्या त्या चकतीवर जाऊन नेमकी नोंद सेकंदाच्या आत वाची. चकत्यांच्या त्या टनभर वजनाच्या पेटाऱ्यात अक्षरे मावत अवघी 50 लाख. आजच्या एका छायाचित्राला तेवढी जागा पुरेलच असे नाही. परंतु फितीची दावण सुटली, हेच त्या यंत्राचे खरे कर्तृत्व होय.

पुढे चकत्या लहान आणि स्वस्त होत गेल्या. 1988 साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक स्वस्त चकत्यांवर माहिती वाटून, एक निकामी झाली तरी उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा उभा करण्याची युक्ती मांडली. स्वस्ताईचा दुसरा परिणाम मात्र विपरीत झाला. पूर्वी एका खोलीत, एका अधिकाऱ्याच्या किल्लीखाली असलेले दफ्तर आता खात्याखात्यांत विखुरले. जणू प्रत्येक वतनदाराने आपापल्या वाड्यात निराळे दफ्तर मांडले, आणि एकाच्या वहीचा दुसऱ्याच्या वहीशी मेळ बसेनासा झाला.

कृत्रिम बुद्धिमत्तेला ही वतनदारी मानवत नाही. तिला सर्व वाड्यांतील कागद एकत्र हवेत, आणि तेही इतक्या वेगाने की फिरत्या चकत्या मागे पडून त्यांची जागा अचल फ्लॅश स्मृतीला द्यावी लागते. पण सारी दारे अशी एकमेकांत उघडली की चोरालाही एकच दार पुरते. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांची कामे अडवून हे दाखवून दिले. त्यानंतरचे खंडणीखोर तर मुळाबरोबर नकलाही शोधून त्यांना कुलूप घालू लागले. म्हणून आता काही नकला अशा ठेवतात की ठरलेली मुदत संपेपर्यंत खुद्द दफ्तरदारालाही त्यांत काना-मात्रेचा फरक करता येऊ नये.

हे वाचताना शिवछत्रपतींच्या पत्रांखालची ‘मर्यादेयं विराजते’ ही लहानशी मुद्रा डोळ्यांपुढे उभी राहते. मजकूर संपला त्या ओळीलगत मोर्तब उमटवीत, ते एवढ्यासाठी की खालच्या कोऱ्या जागेत मागाहून कोणा कारकुनाला एक अक्षरही वाढविता येऊ नये.