बोलोन्या : रंगमंच आणि चित्रपट

उत्तर इटलीतील एमिल्या-रोमान्या प्रांताची राजधानी. १०८८ पासूनची परंपरा सांगणारे विद्यापीठ आणि रस्त्यांच्या कडेने चालणारे कमानदार, छपराचे पदपथ (पोर्तिकी) यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. मात्र नष्ट होत आलेले चित्रपट वाचवून ते भर चौकात लोकांसमोर आणणे, ही बोलोन्याची अलीकडची सर्वांत मोठी कामगिरी. म्हणून या नोंदीत तिलाच अधिक जागा दिली आहे.

मालवेत्सी हे जुने नाट्यगृह १७४५ मध्ये जळाले. त्यानंतर अंतोनिओ गाल्ली बिब्बिएना याच्या आराखड्यानुसार तेआत्रो कोमुनाले उभे राहिले. त्याचे प्रेक्षागृह घंटेच्या आकाराचे असून १७६३ मध्ये ग्लुकच्या ऑपेराने ते खुले झाले. वॅग्नरचा ऑपेरा इटलीत प्रथम झाला तो येथेच, १८७१ मध्ये (‘लोहेनग्रिन’). १८१० चे अरेना देल सोले हे दिवसाउजेडी, उघड्यावर होणाऱ्या प्रयोगांसाठी बांधले होते. सूर्य त्याच्या नावातच आहे.

कवी व दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी यांचा जन्म १९२२ मध्ये याच शहरात झाला. त्यांच्या ‘एदिपो रे’ (१९६७) या चित्रपटाच्या अखेरीस आंधळा इडिपस आधुनिक बोलोन्यात येऊन बासरी वाजवतो. पासोलिनींविषयीची कागदपत्रे चिनेतेका या शहराच्या चित्रपट-संग्रहालयात जपलेली असून त्याच्या आवारातील छोट्या चौकाला त्यांचेच नाव आहे. जुन्या कत्तलखान्याचा हा परिसर; आता तेथे ल्युमिएर चित्रपटगृह चालते.

चिनेतेकाशी निगडित ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेत जगभरातून रिळांचे डबे येतात. नायट्रेटची जुनी फिल्म चटकन पेट घेते. नंतरच्या ॲसिटेट फिल्मचे दुखणे वेगळे : ती कुजू लागली की डबा उघडताच व्हिनेगरचा उग्र दर्प येतो, पट्टी आकसते, वाकडी होते. कारागीर फाटलेली भोके आणि सांधे हाताने दुरुस्त करतात, फिल्म धुतात आणि मगच ती स्कॅनरवर चढते. दीड तासाच्या चित्रपटात सुमारे १ लाख ३० हजार चौकटी असतात आणि प्रत्येक चौकट तपासावी लागते. चॅप्लिनचे चित्रपट जतन करण्याचा मोठा प्रकल्प चिनेतेकाने १९९९ मध्ये हाती घेतला. आज चॅप्लिन पडद्यावर इतका स्वच्छ दिसतो, याचे बरेचसे श्रेय या खटाटोपाला आहे.

१९८६ पासून भरणारा ‘इल चिनेमा रित्रोवातो’ हा महोत्सव आता जूनअखेरीस होतो. पासोलिनी चौकात कधीकधी कार्बन प्रोजेक्टरवर मूकपट दाखवतात. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगीचा झोत पेटतो. कांड्या झिजत जातात तसे ऑपरेटरला त्या पुढे सरकवाव्या लागतात. या उजेडाला हलकी थरथर असते. आपल्याकडच्या तंबू थिएटरांत बसलेल्या पिढीला ती ओळखीची वाटेल.

रात्री मुख्य खेळ पियाझ्झा माज्जोरे या मध्यवर्ती चौकात होतो. त्याला तिकीट नसते. खुर्च्या भरल्या की लोक सान पेत्रोनिओ चर्चच्या पायऱ्यांवर बसतात. या चर्चच्या दर्शनी भिंतीचा संगमरवर अर्ध्यावरच थांबला आहे, वर नुसती वीट. चौकाजवळच जमिनीखाली मोदेर्निस्सिमो हे १९१५ चे चित्रपटगृह आहे. अनेक वर्षे बंद असलेले हे थिएटर जुन्या थाटात सजवून नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा उघडले.

भारतीय चित्रपटांचेही बोलोन्याशी नाते आहे. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने हाती घेतलेल्या अनेक चित्रपटांचे काम या प्रयोगशाळेच्या साहाय्याने झाले. त्यांत श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) आहे. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो निर्माण केला. पटकथा विजय तेंडुलकरांची आणि स्मिता पाटील यांची त्यात अविस्मरणीय भूमिका. २०२५ मध्ये ‘शोले’ला पन्नास वर्षे होत असताना त्याची जीर्णोद्धारित प्रत २७ जूनला पियाझ्झा माज्जोरेमध्ये दाखवण्यात आली. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहामुळे बदललेला मूळ शेवट तीत परत आला आहे. ठाकूर आपल्या खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला संपवतो, हे मोठ्या पडद्यावर इतक्या वर्षांनी पाहायला मिळाले ते या चौकात.