संगमरवरातला कोट

अमेरिकेत रिचमंडच्या विधानभवनात जॉर्ज वॉशिंग्टनचा संगमरवरी पुतळा उभा आहे. अंगात लष्करी कोट, पायांत बूट, उजव्या हातात साधी काठी. अठराव्या शतकातल्या जाणत्यांना मात्र दगडातला थोर पुरुष रोमन वेषातच शोभे. तो पायंडा इथे मोडला, त्यात एका पत्राचा वाटा आहे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १७८४ मध्ये पुतळ्याचा ठराव केला. पॅरिसमध्ये अमेरिकेचा दूत असलेल्या टॉमस जेफरसनने ऊदों या शिल्पकाराची निवड केली, आणि १७८५ च्या ऑक्टोबरात ऊदोंने माउंट व्हर्ननला जाऊन वॉशिंग्टनच्या चेहऱ्याचा साचा घेतला. प्रश्न उरला पोशाखाचा. १ ऑगस्ट १७८६ च्या पत्रात वॉशिंग्टनने जेफरसनला कळवलं, की शिल्पकलेतलं आपल्याला फारसं कळत नाही, जाणकारांच्या मताआड आपण येणार नाही. तरी जुन्या वेषाला चिकटून राहण्यापेक्षा आजच्या पोशाखाकडे थोडं झुकलेलं बरं. हुकूम सोडायची सवय असलेल्या सेनापतीने आपली पसंती अशी अदबीने पुढे सरकवली.

यात नवीन ते काय, असं कुणी म्हणेल. चित्रकार बेंजामिन वेस्टने १७७० मध्येच ब्रिटिश जनरल वुल्फचा मृत्यू गणवेशात रंगवला होता, एडवर्ड पेनीने त्याच्याही आधी. वॉशिंग्टन स्वतः १७७२ मध्ये जुना गणवेश चढवून चित्रकार चार्ल्स पीलसमोर बसला होता. पत्रातही वेस्टचाच दाखला आहे. म्हणजे कल्पना उसनी, हे मान्य. पण दिवाणखान्यातल्या चित्राला जे चाले, ते सरकारी स्मारकाला चालेलच असं नव्हतं. जेफरसनचंच पाहा. १७८७ मध्ये त्याने वॉशिंग्टनला दुजोरा दिला. १८१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या पुतळ्यासाठी मात्र त्यानेच रोमन पोशाखाची शिफारस केली, आणि शिल्पकार कानोव्हाने वॉशिंग्टनला रोमन सेनापती केलं. तेव्हा वॉशिंग्टन हयात नव्हता. ज्याचा पुतळा त्याचंच मत हाती असणं किती मोलाचं होतं, ते इथे कळतं.

गणवेशाने युद्धाचा गौरव होतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण ऊदोंच्या पुतळ्यात तलवार कमरेला नाही. तेरा दांड्यांच्या मोळीवर ती अडकवून ठेवली आहे, आणि मागे नांगर आहे. २३ डिसेंबर १७८३ रोजी वॉशिंग्टनने सेनापतिपद सोडलं, त्याची ही खूण. रोमन वेषातला माणूस काळाबाहेरचा होतो. कोटातला माणूस एका नेमणुकीवरचा असतो, आणि नेमणूक संपली की कोट उतरवून शेताकडे जाऊ शकतो. प्रजासत्ताकाला आपल्या सेनापतीकडून नेमकं हेच हवं होतं.