दोन मोटारी आणि तिरोड्याचे धुराडे

काही वर्षांपूर्वी गोंदियात आमच्या दारी दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या असत. एक शेजारच्या मित्राची, जुनी, विजेवर चालणारी. दुसरी पुतण्याची, नवी कोरी, पेट्रोलची, मागे ऐसपैस डिकी असलेली. अब्बांना दम्याचा त्रास. उमेदीची वर्षे विडीच्या कारखान्यात, तंबाखूच्या धुळीत गेलेली. ते म्हणत, "ती मुकी गाडी बरी, बेटा. स्वतः खोकत नाही, दुसऱ्याला खोकवत नाही."

ही मुकी गाडी कालची नाही. 1899 साली बेल्जियमच्या कामी जेनात्झी याने ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला, तो विजेच्याच मोटारीतून. पेट्रोलची गाडी तेव्हा हँडल मारून सुरू करावी लागे. 1912 साली कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला आणि ती कटकट मिटली. गंमत पाहा, पेट्रोलच्या गाडीला हात दिला तो विजेनेच! शिवाय पेट्रोलची गाडी स्वस्त झाली, लांब पल्ला गाठू लागली. विजेची मागे पडली.

आपल्याकडे 2001 साली बंगळुरूहून 'रेवा' आली. पल्ला सुमारे ऐंशी किलोमीटर. त्याच दशकात विदर्भातील खेडी भारनियमनाने बेजार होती. गाडी कुठे आणि केव्हा चार्ज करायची? 2010 साली महिंद्राने ती कंपनी ताब्यात घेतली. 2017 च्या मे महिन्यात नागपुरात विजेच्या टॅक्सी धावू लागल्या.

एका रात्री अब्बांना धाप लागली. नागपूरला न्यायचे होते. मुकी गाडी तेवढा पल्ला गाठणारी नव्हती. ती अंगणातच राहिली. पुतण्याने पेट्रोलची गाडी काढली. त्या रात्री तिचे उपकार झाले, हे मी नाकारणार नाही.

वाटेत तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्राचे दिवे दिसले. 660 मेगावॅटचे पाच संच, एकूण 3300 मेगावॅट. महाराष्ट्राच्या विजेतला मोठा वाटा कोळशाचा आहे. म्हणजे मुक्या गाडीचा धूर नाहीसा झाला नव्हता, त्याने फक्त पत्ता बदलला होता. धुराड्याच्या आसपासही माझ्या अब्बांसारखा कुणी दमेकरी असेलच.

तरीही दोहोंत फरक आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाची बरीचशी उष्णता वाया जाते. विजेच्या मोटारीत नासाडी फार कमी. आणि उद्या सूर्याची, वाऱ्याची वीज वाढली, तर तीच जुनी गाडी आपोआप अधिक स्वच्छ होईल. पेट्रोलच्या नव्या गाडीला ती वाट नाही.

अब्बा आठवड्याने घरी परतले. शुक्रवारी मशिदीत जाताना पुतण्याने आपल्या गाडीचे दार उघडले. अब्बांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते मुक्या गाडीत जाऊन बसले.