माळवद : वजन आणि गारवा यांचा हिशेब

माळवद म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर माती पसरून केलेले सपाट छत. नांदेड, हिंगोली आणि नागपूर या तिन्ही दिशांचे रस्ते वारंगा फाट्यावर एकत्र येतात. तिथून कोणत्याही बाजूच्या जुन्या गावठाणात शिरले, तर अशी छते आजही भेटतात. काही राहती, बरीचशी खचलेली. हा फाटा ज्या कळमनुरी तालुक्यात येतो, तो आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ पूर्वी तो परभणी जिल्ह्यात होता आणि १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यात होता. राज्ये आणि जिल्हे बदलले तरी घर बांधण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या फारशी बदलली नाही. ती मोडली गेल्या पन्नासएक वर्षांत. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या प्रदेशात घर गार कसे ठेवायचे आणि त्यासाठी डोक्यावर किती वजन घ्यायचे, हा प्रश्न मात्र माळवदापासून आजच्या सौर पॅनेलपर्यंत तोच आहे.

माळवदाची बांधणी खालून वर अशी चढते. दगडी तळखड्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या किंवा किलचा. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणत आणि घराचे मापही खणांतच सांगत: तीन खणांचे, पाच खणांचे. लाकडावर पाला अंथरायचा, बहुधा कडुनिंबाचा, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही. त्यावर भिजवलेल्या मातीचा थर चोपून बसवायचा आणि सर्वांत वर पांढरी माती. पाणी साचू नये म्हणून छताला किंचित उतार देऊन कडेला पन्हळी काढत. उजेड यावा आणि चुलीचा धूर जावा म्हणून छतात एखादे भोक ठेवत व पाऊस आला की ते झाकत.

या रचनेत पांढऱ्या मातीचे स्थान मोठे आहे. मराठीत गावाच्या वस्तीच्या जागेलाच ‘पांढरी’ म्हणतात आणि शेतजमिनीला ‘काळी’. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. छतावर ती घातली तर पहिल्याच उन्हाळ्यात तडे जातील आणि पहिल्याच पावसात घर गळेल. जुन्या वस्तीच्या टेकाडावरची राखट, चिकट नसलेली पांढरी माती त्या मानाने स्थिर असते. कोणत्या मातीचे काय करायचे हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते गवंड्याच्या हातात होते आणि घरच्या बाईच्याही, कारण भिंती-जमिनी सारवून त्या मातीशी तिचाच रोजचा संबंध येई.

छताखालच्या भिंती दगडाच्या, चिखलात रचलेल्या. जाडी दोन-तीन फूट तर सहज, वाड्यांत व गढ्यांत त्याहून जास्त. दिवसभराचे ऊन इतकी जाड भिंत आणि छत ओलांडून आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. रात्री बाहेरची हवा निवते, छतही आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि सकाळी घर पुन्हा थंडावलेले असते. दारातून आत येताच लागणारी ढाळज, मधला चौक आणि चौकाभोवतीचा सोपा यांनी वाऱ्याला वाट मिळे. धान्यासाठी भिंतीत बळद आणि जमिनीत पेव असे. उन्हाळ्याच्या रात्री माणसे माळवदावरच झोपत. दिवसा त्याच जागेवर पापड, कुरडया, मिरच्या वाळत.

दोष या घराच्या देखभालीत दडलेला होता. पावसाळ्याच्या तोंडावर छत गळू नये म्हणून पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायची रीत होती. जुना थर खरवडून काढणे कष्टाचे, नवा वर टाकणे सोपे. त्यामुळे दरवर्षी थोडी थोडी वाढत दोन-तीन पिढ्यांत माती दीड-दोन फुटांवर जाई. कोरड्या मातीचे वजन घनमीटरला साधारण दीड ते पावणेदोन टन भरते. अर्ध्या मीटरचा थर धरला, तर दहा फूट लांब-रुंद खोलीच्या डोक्यावर सात-आठ टन माती होते. लाकडी खांब हे ओझे सरळ खाली पेलू शकत. आडव्या धक्क्याचा विचार या रचनेत कुठेच नव्हता. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडी थरांना एकमेकांत अडकवणारा लांब दगड अनेक ठिकाणी वापरलाच जात नसे. दोन थरांच्या मध्ये नुसता चिखल आणि चुरी.

तो धक्का ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर परिसरातील गावे काही क्षणांत कोसळली. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या तुलनेत ती मध्यमच, तरी मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान गेली. माणसे गेली ती दगडांखाली आणि माळवदाच्या मातीखाली. हा भाग तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात दाखवलेला होता. २००२ मध्ये भूकंपविषयक भारतीय मानक (आयएस १८९३) सुधारताना पहिला पट्टाच रद्द करण्यात आला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला.

ढिगाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ती तितकीच महत्त्वाची असूनही लोकांच्या मनात मागे पडली. जिथे छताचा भार भिंतींवर नव्हता, चांगल्या जोडणीच्या लाकडी खणांवर होता, तिथे बऱ्याच ठिकाणी भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला. नाश झाला तो बांधणीतल्या उणिवांमुळे आणि बेसुमार वजनामुळे. केवळ माती हे साहित्य वापरल्यामुळे नव्हे. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली आणि इतरत्र लाखांहून अधिक घरांची जागेवरच दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे खुंट बसवणे, छताजवळ सलग पट्टा बांधणे असे उपाय अभियंत्यांनी सुचवले. पण भीती खोल होती. मराठवाडाभर माळवदाकडे पाहण्याची नजर त्या पहाटेनंतर बदलली आणि जो तो स्लॅब किंवा पत्रे यांच्याकडे वळला. सागवान महागले होते, माळवद जमवणारे सुतार-गवंडीही कमी होत चालले होते. त्यामुळे हा बदल वेगाने झाला.

वजनाच्या बाबतीत हा बदल फायद्याचाच होता. माळवदाच्या चौरस मीटरला आठशे किलोच्या आसपास भार येई; पाच इंची स्लॅब त्याच जागेवर सुमारे तीनशे किलो भरतो, पत्रा चार-पाच किलो. गारव्याच्या बाबतीत मात्र घर उलट दिशेने गेले. पत्रा ऊन लागताच तापतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि माणसे झोपायला जातात तेव्हा ते खोलीत सोडतो. पंखा, कूलर आणि आता वातानुकूलन यंत्र हे गारव्याचे जे काम विजेवर करतात, ते पूर्वी माती फुकट करत असे.

आज ‘हरित’ आणि ‘स्मार्ट’ इमारत म्हणून जे शिकवले जाते, त्याचा मोठा भाग हा हरवलेला गारवा वजन न वाढवता परत आणण्याचा आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेने निवासी इमारतींच्या छतातून जाणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली: एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे १.२ वॅट. उघड्या स्लॅबमधून याच्या सुमारे तिप्पट उष्णता आत येते. अर्धा मीटर कोरड्या मातीचे माळवद मात्र हिशेबाने या मर्यादेच्या आसपासच बसते. कागदावर नियम नसताना, पिढ्यांनी एकावर एक थर चढवत गाठलेले हे माप थक्क करणारे आहे. तेच काम आता स्लॅबवर दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम करतो आणि त्याचे वजन नगण्य असते. वर चुन्याचा पांढरा हात दिला तर बरेचसे ऊन परतच जाते. हैदराबादला २००४ साली खुल्या झालेल्या भारतीय उद्योग महासंघाच्या (सीआयआय) हरित इमारत केंद्रात छताचा मोठा भाग हिरवळीने झाकला आहे आणि हवा थंड करून आत घेण्यासाठी मनोरे उभारले आहेत. माती पुन्हा छतावर आली; फरक इतकाच की तिचे वजन आधी मोजून त्यानुसार सांगाडा उभारला गेला.

हिंगोली जिल्ह्यातही मोजमापाचे महत्त्व आता नव्याने पुढे आले आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या या वास्तूत जमिनीची सूक्ष्मातली सूक्ष्म थरथरही लहरी टिपण्यासाठी बसवलेल्या आरशांपर्यंत पोचू द्यायची नसते.

आणि जमीन थरथरतेच आहे. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे कळमनुरी तालुक्यात ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले; १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्याचे केंद्र याच तालुक्यातील रामेश्वर तांडा होते. मार्चच्या धक्क्यांनंतर नांदेडच्या प्रशासनाने पत्र्याच्या घरांत राहणाऱ्यांना एक साधी सूचना केली: वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड काढून घ्या. हलक्या छतावरही दगड चढले होते. पत्रा आकड्यांनी आणि बोल्टने सांगाड्याला घट्ट बांधला तर दगडाची गरज उरत नाही. सौर पॅनेलचेही तसेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावरच्या तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते, पण पॅनेल बसवण्याआधी तपासावे लागते ते हेच: छत खाली कशाला आणि किती पक्के बांधले आहे.