वाट काढणारा परमवीर

आमच्या लोणारांत शौर्य म्हटलें कीं दैत्यसूदनानें केलेला लवणासुराचा वध आठवतो. कारवारकडील सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचें शौर्य मात्र वधाचें नव्हे, वाट काढण्याचें. एप्रिल १९४८ मध्यें नौशेरा-राजौरी रस्ता शत्रूनें सुरुंग पेरून व पाइन वृक्ष आडवे पाडून रोखला होता. ८ तारखेस राणे जखमी झाले. तरी मागें फिरले नाहींत. रणगाड्याखालीं सरपटत त्यांनीं सुरुंगांतून मार्ग शोधला. वर बसलेल्या चालकास खूण कशी करावयाची? दोरी ओढून! १२ तारखेस राजौरी हातीं आली. परमवीर चक्राची स्थापना पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं झाली. बहुतेकांना तें मरणोत्तर मिळालें. राणे यांनीं मात्र तें स्वतः छातीवर मिरविलें.